मधल्या बोळातला दिवा

४ जानेवारी

ही डायरी गेल्या वर्षीची. ह्यांना कुणीतरी दिली, ह्यांनी कपाटात टाकली आणि वर्ष उलटलं. कोरी वही रद्दीत घालायचं पाप माझ्या हातून होणार नाही. छापलेले वार चुकीचे आहेत, ते खोडीन. घरखर्चाची वही वेगळी आहे. इथे फक्त जे कुणाजवळ बोलता येत नाही ते.

आजचं असं: सकाळी ताटं घ्यायला गेले तर ताटांच्या जाळीत घोड्याचा जबडा वाळत घातलेला. खालचा. दातांसकट.

सुनेला हाक मारली. ती तोंडाने काहीतरी पुटपुटत, वेणी घालतच आली. "अय्या, आई, काढायचा राहिला. स्वच्छ आहे हो, उकळून घेतलाय."

"कशात उकळलास?"

ती वेणीचं टोक निरखायला लागली. कोपऱ्यातलं मोठं पातेलं जरुरीपेक्षा जास्त चकचकीत दिसत होतं, तेव्हाच मी समजले. आता ते पातेलं टाकवत नाही आणि वापरवतही नाही.

सून जनावरांच्या डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्चमध्ये परीक्षा. लग्न ठरतानाच तिने सांगितलं होतं की शिक्षण पुरं करणार, आणि आम्ही हो म्हटलं होतं. मुलगा दूरच्या नोकरीवर, महिन्यातून एकदा येणार. म्हणजे हो म्हटलं तिघांनी आणि जबडा सापडतो मला.

९ जानेवारी

कुत्र्याविषयी लिहायचं टाळत होते. लिहिलं की तो घरातला झाला असं वाटतं.

सुनेने माहेरून दोन ट्रंका आणल्या आणि हा कुत्रा. पिल्लू होता तेव्हा तिच्या वडिलांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. हे म्हणतात, "जन्मभर ऑफिसात साहेब-साहेब करून निवृत्त झालो, आता घरातही तेच नशिबी आलं." मी त्याला साहेब म्हणत नाही. कुत्रा म्हणते.

आमच्या घराला शिस्त आहे. माणसं बसतील त्या खोलीत दिवा, बाकी अंधार. मधल्या बोळाला खिडकी नाही, दिवसा दारांतून उजेड येतो; तिथला दिवा तर मी केव्हाच काढून ठेवलाय. भिंतीला हात लावून जाता येतं, त्याला वीज कशाला जाळायची? तिन्हीसांजेला मी देवापुढे तेलाचा दिवा लावते तेव्हा घरात तेवढाच उजेड असतो. मन लागतं.

आता महिनाभर काय चाललंय, तर काडी ओढल्याचा आवाज झाला की हा कुत्रा कुठूनतरी येतो आणि देवाच्या आणि माझ्या मधोमध बसतो. देवाकडे तोंड करून. मला देव दिसत नाही, कुत्र्याचे कान दिसतात. हाकलला तर उठत नाही. वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारलं तर अंग चोरतो, पण जागा सोडत नाही.

हे हसतात. "अगं, पेन्शनीत निघालेले साहेब असेच एकदम देवाधर्माला लागतात. मी कितीतरी पाहिलेत."

वरच्या मजल्यावरची शिक्षिका तर म्हणाली, "वहिनी, पुण्यवान जीव आहे तो." पुण्यवान जिवाचे केस माझ्या आसनावर पडतात, ते झाडायला कोण येणार?

२२ जानेवारी

हट्टीपणाची कमाल आहे. दिवसा हा बोळातून चेंडूसारखा पळतो. संध्याकाळ झाली की बोळाच्या तोंडाशी पाय रोवून उभा राहतो. हाका मारा, पोळी दाखवा, ढकला. पुढे येत नाही. तिथेच उभा राहून कण्हत बसतो, आणि वरची शिक्षिका खाली येऊन विचारते, "साहेबांना बरं नाही का?" म्हणजे आम्ही छळतो असं तिला वाटत असणार.

आज रागाने टॉर्च घेऊन बघायला गेले. त्याच्या तोंडावर मारला तर डोळे हिरवे, काचेसारखे चमकले. एवढे चमकले की मी मागे सरकले आणि रामरक्षा सुरू केली. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कुत्र्याचे डोळे चमकतातच." चमकतात, पण इतके?

सुनेला सांगणार होते. ती आली ती कोपरापर्यंत शेणाने माखलेली, गाय अडली होती म्हणे. बूट काढता काढता दाराशीच भिंतीला टेकून झोपली. एक बूट पायात, एक हातात. बोळातून कण्हणं आलं तशी झोपेतच म्हणाली, "साहेब, लाड पुरे." तिला उठवून जेवायला वाढलं. भांडी मीच घासली. रोज मीच घासते. तिने घासायची असं ठरलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

३ फेब्रुवारी

महिन्याची झाडलोट. सामान सगळं हलवलं. कपाट या भिंतीचं त्या भिंतीला, खुर्ची खिडकीपासून दाराकडे. सामान एका जागी राहिलं की खाली घाण साठते, आईने लावलेली सवय आहे ही.

संध्याकाळी सून पुढच्या खोलीत पुस्तक घेऊन बसली. आज डोळ्यांचा धडा. ती मोठमोठ्याने पाठ करते, त्यामुळे माझं नामस्मरण आणि तिचा अभ्यास यांची नेहमी टक्कर होते. आज मला देवाचं नाव सुचेना, तिचंच ऐकू येत होतं. डोळ्याच्या आतला पडदा झिजतो. आधी रात्रीचं जातं, मग दिवसाचं. जनावर बोलू शकत नाही म्हणून मालकाच्या उशिरा लक्षात येतं. तीन वेळा म्हणाली.

चौथ्यांदा म्हणत होती तेवढ्यात कुत्रा आतून आला आणि दाराआडच्या खुर्चीवर धाडकन आदळला. खुर्ची पडली, खुर्चीवरच्या घड्या पडल्या. आम्ही दोघी एकदमच ओरडलो. मी म्हणाले, "डोळे फुटले का रे तुझे?" आणि ती म्हणाली, "साहेब, अभ्यास करू दे ना मला!"

तो टेबलाखाली जाऊन बसला. ती परत पहिल्यापासून म्हणायला लागली.

१८ फेब्रुवारी

आज हद्द झाली.

दिवा लावला, उदबत्ती आणायला वळले. कुत्रा आला तो थेट दिव्यावरच. दिवा आडवा, तेल पाटावर, पाटाच्या कापडाने पेट घेतला. मी हाताने विझवला. तळहात भाजला आहे म्हणून अक्षर असं.

सुनेने मलम लावलं. "आई, फार दुखतंय का? तो असा नव्हता हो पूर्वी." तिचे डोळे भरून आले. मला तेव्हा तिची दया आली नाही. उद्या घर पेटलं तर? परीक्षा, कॉलेज, गाई, घोडे सगळं होऊ दे, पण या घरात देवापुढचा दिवा सुखाने जळू नये?

ती आठ दिवस कॉलेजतर्फे खेड्यात गुरं तपासायला जाणार आहे. मनात काय आलं ते आज लिहीत नाही.

२१ फेब्रुवारी

लिहिते. सून काल गेली. लाकडाच्या वखारीचे मालक ह्यांच्या ओळखीचे आहेत, त्यांना राखणीला कुत्रा हवा होता. निरोप पाठवला. आले, बघून गेले, संध्याकाळी न्यायला आले.

भर उजेडात छान दिसतो तो. छाती रुंद, पाय सरळ. वखारवाले म्हणाले, "वहिनी, असं जनावर कोण देतं हो?"

"परीक्षेमुळे," मी म्हणाले. कुणाच्या, ते सांगितलं नाही.

हे आत जाऊन बसले. "सूनबाईला काय सांगणार आहेस?" एवढंच विचारलं. सांगेन की त्याच्या भल्यासाठी दिला. मोकळी जागा आहे, दोन वेळचं खाणं आहे. इथे काय, बोळाच्या तोंडाशी उभं राहणं.

जाताना त्याने मागे वळून वगैरे काही पाहिलं नाही. टेम्पोत ऐटीत बसून गेला. कृतघ्न.

दिवा लावला. मध्ये कुणी नव्हतं. देव पूर्ण दिसला.

२२ फेब्रुवारी

सकाळी नळाला पाणी यायच्या आत वखारवाले दारात. हातात दोरी, दोरीला तो.

"घ्या तुमचं रत्न परत. रात्रभर एका जागी उभं राहून रडला. रखवालदाराने ओढला तर फळ्यांच्या चळतीवर जाऊन आपटला. चोर याच्या पाठीवर पाय देऊन जाईल, वहिनी! दिसत नाही याला."

माझं डोकंच फिरलं. "दिसत नाही? काल तुम्हीच म्हणालात, असं जनावर कोण देतं. धडधाकट नेलात आणि नाक सोलून आणलात. रात्रभर दोरीला बांधलं असेल काळोखात. नव्या जागी माणूस तरी झोपतो का?"

"अहो, पण दिवा विझला की त्याला..."

"दिवा कशाला विझवलात मग?"

असं बोलून गेले मी. दाराशी शिक्षिका उभी होती, दूधवाला उभा होता. वखारवाल्यांनी दोरी माझ्या हातात दिली आणि गेले. वर म्हणतात, खपवायला बघत होता का? आम्ही! आमच्या घरातून कधी नासकं लिंबूसुद्धा कुणाकडे गेलेलं नाही.

नाकाला हळद लावली. चाटून टाकली.

२३ फेब्रुवारी

वखारवाल्यांचं तोंड बंद करायचं म्हणून मी आज स्वतः पाहायचं ठरवलं.

अंधार पडल्यावर बोळाच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिले, हातात पोळीला तूप लावून. आवाज केला नाही. तो या टोकाला. नाक वर करून हुंगत होता, शेपटी हलत होती. आला नाही. टॉर्च लावला, जमिनीवर उजेड पाडला. त्या उजेडावरून सरळ चालत आला आणि पोळी खाल्ली.

पुन्हा केलं. टॉर्च विझवला. मधोमध होता, तिथेच थांबला. एक पाय उचललेला, तो कुठे ठेवावा ते कळेना.

मी भिंतीला हात लावून गेले आणि त्याला गळपट्ट्याला धरून आणलं. ह्यांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही.

मी देवापुढे दिवा लावला की तो का येत होता ते कळलं. घरात तेवढाच उजेड असायचा. मला उगीच वाटत होतं की निदान एक जीव तरी या घरात भक्तीने बसतो.

२४ फेब्रुवारी

देवाशी भांडण झालं. लिहायला नको, पण दुसऱ्या कुणाशी बोलू?

मी म्हटलं, रोज तुझ्यासमोर येऊन बसत होता. मी रोज त्याला मारत होते, ते तू बघत होतास. इतकी वर्षं तेल-वात चुकवली नाही, एकदा तरी मनात घालायचंस की बाई, थांब. हात भाजू दिलास, पण सांगितलं नाहीस.

मग पोथी न वाचता उठले. असं पहिल्यांदाच.

टॉर्चचे सेल संपले. नवे आणले.

२८ फेब्रुवारी

सून संध्याकाळी आली. पिशवी खाली ठेवायच्या आत मी सांगून टाकलं, नाहीतर मला ते कधीच जमलं नसतं. "मी त्याला वखारीत दिला होता. दुसऱ्या दिवशी परत आला. त्याला अंधारात दिसत नाही."

पहिल्या वाक्याला ती माझ्याकडे बघत होती. तिसऱ्याला तिने माझ्याकडे बघणं सोडलं.

तिने पुढच्या खोलीचा दिवा लावला, त्याच्यासमोर कापसाचा बोळा वरून सोडला. त्याने मान फिरवून पाहिला. तिने दिवा मालवला, दाराच्या फटीतून येईल तेवढाच उजेड ठेवला. पुन्हा बोळा सोडला. त्याने मान हलवली नाही. मग टॉर्चने डोळ्यांत पाहत राहिली, बराच वेळ. तो शहाण्यासारखा बसला होता. सवय आहे त्याला, चार वर्षं त्याच्यावरच तर ती सगळं शिकली. नाडी, कान, दात, बँडेज.

"औषध काय?" मी विचारलं.

"नाही आई. औषध नाही याला. आता दिवसाचंही जाईल हळूहळू."

चार वर्षं! एवढाली पुस्तकं! आणि औषध नाही! मी तसं म्हणालेही. ती आपल्या खोलीत गेली आणि कडी लावली. वखारीबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

३ मार्च

परीक्षा दहा दिवसांवर आणि सून पुस्तकाला हात लावत नाही. आज म्हणाली, बसणार नाही परीक्षेला.

"त्या दिवशी मी तेच पाठ करत होते, आई. आधी रात्रीचं जातं. तो माझ्यासमोर खुर्चीवर आदळला, आणि मी त्याला काय म्हणाले? अभ्यास करू दे. लोक माझ्याकडे जनावरं आणणार, आणि मी पुस्तकात बघणार."

मुलाचा फोन आला, तो म्हणाला तिला वेळ दे. हे म्हणाले, वर्ष गेलं तरी चालेल. दोघंही भारी समजूतदार! समजूतदारपणाने कुणी डॉक्टर झालंय का?

मी तिच्या खोलीत गेले. कुत्रा तिच्या पायावर डोकं ठेवून पडला होता.

म्हटलं, "ठीक आहे. नको बसूस. मग हिशेब सांग. ही पुस्तकं रद्दीत काय भावाने घालू? ते गुडघ्यापर्यंतचे बूट कुणाच्या पायाला येतील? आणि घोड्याचा जबडा? जबडा कोण घेईल विकत, सांग मला. माझं मोठं पातेलं गेलंय त्या जबड्यापायी!"

ती बघत राहिली. मग हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. रडू दिलं.

मग म्हणाले, "मी त्याला रोज मारलं. वर्तमानपत्राने. तू एकदा ओरडलीस तर एवढं घेऊन बसलीस, मी काय करू? स्वयंपाक सोडू?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, आई."

"आता माहीत आहे. त्याचं मी बघते. तू वाच. आणि मोठ्याने वाच, मनात वाचलंस की तू झोपतेस हे मला ठाऊक आहे."

रात्री तिनेच येऊन विचारलं, "वखारीत त्याने काही खाल्लं होतं का?" मी म्हटलं, विचारलं नाही. "विचारायला हवं होतं," ती म्हणाली. ते तिने म्हणायलाच हवं होतं.

५ मार्च

सुनेने नियम घालून दिले. सामान हलवायचं नाही. खुर्ची असेल तिथेच. दारं एकतर पूर्ण उघडी, नाहीतर पूर्ण बंद. जवळ जाताना आधी बोलायचं. आता महिन्याची झाडलोट सामान न हलवता. कपाटाखाली आडवं पडून केरसुणी घालावी लागली. या वयात!

माळ्यावरून बोळातला दिवा काढला आणि ह्यांना स्टूल दिलं. हे म्हणाले, "ऐकण्यात काही चूक तर नाही ना? दिवा लावायचा?" टोमणे मारायला चांगली संधी मिळाली. संध्याकाळी लावला. तो बोळाच्या तोंडाशी आला, थांबला, आणि मग चालत गेला. त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला. सहा-सात वेळा उगीचच. मोकळ्या मैदानात सोडल्यासारखा.

मी बघत बसले. भाजी लागली.

१६ मार्च

सुनेची तोंडी परीक्षा झाली. डोळ्यांवर एकही प्रश्न नाही! आमच्या घरात एवढं रामायण झालं, आणि त्या गृहस्थांनी विचारलं काय, तर घोड्याच्या दातांवरून वय कसं ओळखायचं. तिने म्हणे घडाघडा सांगितलं. सांगेल नाहीतर काय! माझ्या ताटांच्या जाळीत वाळलेले दात ते.

तरी मला पटलं नाही. विचारायला नको? अशा सगळ्याच जनावरांना मालक बोळाच्या तोंडाशी उभं करून हट्टी म्हणतात, हे डॉक्टर होणाऱ्यांना शिकवायला नको?

७ जून

सून पास. शिक्षिकेला मीच वर जाऊन सांगितलं, ती विचारायला खाली येण्याआधी.

मोठं पातेलं वापरायला काढलं. पाहुणे बरेच आले होते, दुसरं एवढं मोठं नव्हतं. कुणाला काही सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर

बरेच दिवस लिहिलं नाही. सून आता जनावरांच्या दवाखान्यात कामाला जाते. सकाळी भांडी ती घासते, पण कोपरे राहतात, मी परत घासते.

काल ह्यांच्यावर फार चिडले. इतकी वर्षं मीच सवय लावली, ते खरं. पण बोळातून येता येता ह्यांनी बटण बंद केलं आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, साहेब आहेत ना तिकडे!" हे जागच्या जागी थांबले. म्हणाले, "जन्मभर माझ्यासाठी कधी लावला नाहीस." म्हटलं, तुम्हाला भिंतीला हात लावता येतो.

सून आज दवाखान्यातून आल्यावर साहेबांचे डोळे पुन्हा तपासून म्हणाली, आता उजेडही कळत नाही. दिवसाही नाही. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "बोळातला दिवा बंद केला तरी चालेल आता, आई. वीज वाया जाते."

मला वीज शिकवते! "तो माझ्यासाठी आहे," मी म्हणाले. "मी पडेन एखाद्या दिवशी." ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

तिन्हीसांजेला काडी ओढली. पंज्यांचा आवाज बोळातून आला. कपाट चुकवून, खुर्ची चुकवून साहेब बरोबर आपल्या जागी येऊन बसले. आता त्यांच्यासाठी तिथे एक गोणपाट घालते, माझं आसन बाजूला घेतलंय. बसले, मान वर केली. पण तोंड देवाकडे नव्हतं. जरा डावीकडे, भिंतीकडे होतं. धरून सरळ करावं असं मनात आलं, पण ते इतके स्वस्थ बसले होते की हात लावला नाही.

सामान हलवायचं नाही असा नियम आहे. मी देवाला पाटासकट डावीकडे घेतलं, त्यांच्या समोर येईल असं. दिवाही.

देवाला दिसतं ना? मग त्याने सरकावं.